बेचिराख गावांतील दिवे

‘बेचिराख’ हा शब्द मराठी माणसाच्या नित्य परिचयाचा आहे. आग, महापूर अथवा युद्ध यांनी एखाद्या गावाची धूळधाण झाली म्हणजे ते गाव बेचिराख झाले, असे आपण सहज म्हणून जातो. आणि त्या शब्दातील ‘राख’ कानी पडताच जळून गेलेल्या घरांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः या शब्दाचा राखेशी काही संबंध नाही. मूळ फारसी शब्द ‘बेचिराग’ असा आहे. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात सायंकाळी दिवा लावावयास कोणी उरले नाही, ते गाव बेचिराग. जुन्या जमाबंदीच्या दप्तरांत असेच दोन वर्ग असत: एक चिरागी गावांचा, दुसरा बेचिरागी गावांचा. बेचिरागी गावातील घरांच्या भिंती उभ्या असतील, विहिरीला पाणी असेल, शिवारातील काळी माती पूर्वीइतकीच कसदार असेल. परंतु तेथे माणूस नाही, म्हणून वसूल नाही, म्हणून गाव असून नसल्यासारखे.

शब्दाच्या पोटातील हा भेद युद्धोत्तर पुनर्रचनेचा विचार करताना फार उपयोगी पडतो. गावाची राख झाली असे धरले, म्हणजे विटा, लाकूड, लोखंड आणि पैसा यांचा हिशेब मांडला की विचार पुरा झाला असे वाटू लागते. गावातील दिवा विझला असे धरले, म्हणजे प्रश्न निराळाच होतो: निघून गेलेला माणूस परत का येत नाही, आणि कशाने येईल? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर युरोपात जाण्याचे कारण नाही. दोनशे वर्षांपूर्वी, उज्जैनच्या परिसरात, क्षिप्रेच्या आणि नर्मदेच्या खोऱ्यांत, तो प्रश्न प्रत्यक्ष सोडविला गेला. आणि तो सोडविणाऱ्यांत मराठी माणसांचा वाटा लहान नव्हता.

माळव्याची संपन्नता अठराव्या शतकात मराठी घराण्यांच्या हाती आली. उज्जैन ही राणोजी शिंदे यांची राजधानी झाली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे देवालय पुन्हा उभारले. इंदूर-महेश्वराकडे अहिल्याबाई होळकर यांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केले. त्यांच्या धर्मशाळा आणि घाट सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या राज्यकारभाराचे खरे मर्म त्याहून साधे होते. सारा हलका असावा, आणि पाटील, कुळे व वतनदार यांच्या परंपरागत हक्कांना धक्का लावू नये, ही त्यांची पहिली नीती होती. महेश्वराला विणकर आणून वसविले गेले, तेही त्याच काळात. अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर पाव शतकाने माळव्यात हिंडणाऱ्या परकीय अधिकाऱ्याला खेड्यापाड्यांतून त्यांचे नाव आदराने घेतलेले आढळले, ते प्रामुख्याने या नीतीमुळे.

हे सुख टिकले नाही. शिंदे आणि होळकर यांच्यातील वैराने १८०१ साली माळव्यातच रणकुंड पेटविले. त्या वर्षीच्या जुलैत यशवंतराव होळकर यांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि त्याची किंमत उज्जैनच्या सावकारांनी मोजली. ऑक्टोबरात शिंद्यांकडून सर्जेराव घाटगे चालून आले आणि त्यांनी इंदूर लुटून सूड उगविला. एकमेकांच्या पेठा लुटणारी ही दोन्ही घराणी मराठीच होती, ही गोष्ट आज वाचतानाही मनाला बोचते. पुढे १८०३ चे इंग्रजांशी युद्ध झाले. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी आपला तळ कायमचा ग्वाल्हेरास नेला आणि उज्जैनचे राजधानीपण संपले. १८११ मध्ये यशवंतराव निवर्तले. त्यानंतर होळकरशाहीत राजा अज्ञान, तिजोरी रिती, आणि फौजेचे पगार थकलेले अशी अवस्था झाली. ज्या शिपायाला पगार मिळत नाही तो रयतेच्या उभ्या पिकावर जगतो. त्यात पेंढाऱ्यांच्या टोळ्यांची भर पडली.

अशा वेळी खेडे कसे ओस पडते, हे नीट पाहिले पाहिजे. एकाच गावाकडून सरकारचा मामलेदार सारा मागे, जाणारी-येणारी फौज घासदाणा मागे, शेजारच्या डोंगरातील गिरासिया ठाकूर आपला परंपरागत तनखा मागे, आणि या सर्वांना देऊन जे उरे ते पेंढारी नेई. पेरलेले पीक हे धन न राहता संकट ठरू लागले. जो पेरील तो लुटला जाईल, अशी स्थिती झाली म्हणजे शहाणा शेतकरी पेरीत नाही; तो बैल हाकीत दुसऱ्या मुलखात निघून जातो. गाव जाळावे लागत नाही. ते आपोआप विझते.

या अंधाराचा शेवट उज्जैनपासून फार दूर झाला नाही. आज उज्जैन जिल्ह्यात असलेल्या महिदपूर येथे, क्षिप्रेच्या काठी, २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांची फौज आणि सर थॉमस हिस्लॉप यांची इंग्रज फौज यांची गाठ पडली. होळकरांचे गोलंदाज तोफा न सोडता तोफांशेजारीच मेले. तथापि लढाई गेली. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. होळकरांचा पुष्कळ मुलूख गेला, खानदेश गेला, राजपूत संस्थानांवरील हक्क गेले. गादीवर दुसरे मल्हारराव, वय अवघे अकरा-बारा वर्षांचे. राज्याचा कारभार आला तो विठ्ठल महादेव किबे ऊर्फ तात्या जोग यांच्या हाती. या गृहस्थाचे नाव मराठी इतिहासात लढवय्यांच्या मानाने फारसे घेतले जात नाही; परंतु पुढे जे घडले त्यावरून पाहता ते घ्यावयास हवे.

काय घडले ते आकड्यांत सांगता येते. इंग्रजांतर्फे माळव्याची व्यवस्था पाहणारे सर जॉन माल्कम यांनी १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानाविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात ते नमूद आहेत. होळकरांच्या राज्यात ३,७०१ गावे होती. १८१७ मध्ये त्यांपैकी फक्त २,०३८ गावांत वस्ती होती. उरलेली १,६६३ गावे बेचिराग होती. म्हणजे दर शंभर गावांतील पंचेचाळीस गावांत दिवा लागत नव्हता. १८१८ मध्ये २६९ गावे पुन्हा वसली. १८१९ मध्ये ३४३. १८२० मध्ये ५०८. शाळेतील मुलालाही करता येईल अशी ही वजाबाकी आहे: तीन वर्षांच्या अखेरीस ओस राहिलेल्या गावांची संख्या ५४३ वर आली. तीन वर्षांत ११२० गावांत पुन्हा दिवे लागले.

हे आकडे जेत्याच्या लेखणीतून उतरले आहेत, हे विसरून चालणार नाही. आपल्या आगमनाने देश सुखी झाला, असे दाखविण्याचा मोह प्रत्येक जेत्याला होतो. शिवाय माळव्याच्या नाशास कारण झालेल्या पंधरा-वीस वर्षांच्या राजकारणात कंपनीचाही हात होताच. परंतु हा दोष ध्यानात घेऊनही एक गोष्ट उरते. या ११२० गावांसाठी कोणी कर्ज काढले नव्हते, परदेशातून मदत आली नव्हती, सरकारने कोणाची घरे बांधून दिली नव्हती. होळकरांची तिजोरी तर मोकळीच होती. मग माणसे परत आली ती कशाच्या बळावर?

पहिले कारण असे की, शस्त्र धरणाऱ्याच्या पोटाची सोय आधी लावण्यात आली. पेंढाऱ्यांचा पाडाव केवळ तलवारीने झाला, हा समज अपुरा आहे. अमीरखानाशी नोव्हेंबर १८१७ मध्येच करार झाला. त्याला टोंकची जहागीर कायम करून मिळाली, त्याच्या तोफांची किंमत देऊन त्या काढून घेण्यात आल्या आणि फौज मोडण्यात आली. पेंढाऱ्यांचा मोठा पुढारी करीमखान १८१८ च्या फेब्रुवारीत शरण आला. त्याला गोरखपूरकडे जमीन देऊन शेतकरी करण्यात आले. चितू मात्र शरण येईना. तो रानोमाळ भटकत राहिला आणि १८१९ मध्ये अशीरगडाजवळच्या जंगलात वाघाने त्याला मारले. एकाला नांगर मिळाला, दुसऱ्याला वाघ भेटला. बाकीच्या शेकडो लहान माणसांनी या दोघांच्या कथांवरून आपापला मार्ग निवडला असल्यास नवल नाही.

गिरासियांच्या बाबतीतही तेच तत्त्व लागू करण्यात आले. हे ठाकूर शतकानुशतके गावांवर चालून जाऊन आपला तनखा वसूल करीत. तो हक्क अजिबात नाकारला असता तर डोंगर पुन्हा पेटला असता. म्हणून त्यांचा तनखा ठरवून टाकण्यात आला आणि तो संस्थानच्या खजिन्यातून त्यांना मिळेल अशी हमी देण्यात आली; मात्र त्यांच्या स्वाराने गावात पाऊल टाकावयाचे नाही. शेतकऱ्याला यापुढे चार धनी न राहता एकच धनी राहिला. तहात इंग्रजांकडे गेलेल्या खानदेशात हे तत्त्व उमगावयास अधिक वेळ लागला. तेथे भिल्लांवर पहिली काही वर्षे मोहिमांमागून मोहिमा झाल्या आणि त्या व्यर्थ गेल्या. अखेर १८२५ मध्ये जेम्स आउट्रॅम याने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभी केली, आणि त्याच सुमारास डोंगराखाली उतरणाऱ्या भिल्ल कुटुंबांना जमीन व तगाई देण्याची व्यवस्था झाली. तेव्हा कोठे रस्ते निर्धास्त झाले. सात वर्षांच्या बंदुकीने जे साधले नाही ते पगाराने आणि नांगराने साधले.

दुसरे कारण त्याहून खोल आहे. परत येणाऱ्या माणसाला आपले शेत आपलेच राहिले आहे, याची खात्री हवी असते. माल्कमच्या ग्रंथात या पुनरागमनाचे जे वर्णन आहे ते कोणाचेही मन हेलावील असे आहे. वीस-वीस, तीस-तीस वर्षे परमुलखात काढलेली कुटुंबे परत निघाली. जो पाटील गाव सोडून गेला होता तो बहुधा परक्या भूमीतच वारला होता. म्हणून त्याचा नातू, कधी कधी तर कडेवरचे मूल, मिरवणुकीच्या अग्रभागी धरून लोक गावात शिरले. गावात पोचल्यावर ज्याची भिंत त्याने ओळखली, ज्याचे शेत त्याने धरले. आपसांत तंटा नाही, सरकारशी कज्जा नाही. आणि थोड्याच दिवसांत जणू मध्ये काही घडलेच नव्हते अशा रीतीने व्यवहार चालू झाला.

त्या कडेवरच्या मुलाला कारभार कळत नव्हता, जमीन कसता येत नव्हती, हुकूम देता येत नव्हता. परंतु ते मूल हा गावाचा जिवंत दस्तऐवज होता. ते पुढे असले म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येकाचा हक्क शाबूत असे. नव्या सरकारने या दस्तऐवजावर आपला शिक्का मारण्यापलीकडे काही केले नाही, आणि हीच त्याची शहाणीव. ओस पडलेली जमीन ही मोकळी जमीन, असे मानून ती मक्तेदारांना वाटून टाकली असती तर वसूल कदाचित एका वर्षात आला असता. परंतु ते मूल गावच्या वेशीवरून परत गेले असते. वतनपद्धतीचे दोष पुष्कळ होते. गावकुसाबाहेर ज्यांचे घर होते त्यांना परत आल्यावरही गावकुसाबाहेरचेच घर मिळाले, हेही तितकेच खरे. तथापि परतणाऱ्याचा हक्क मानला गेला तरच परतणे घडते, हा धडा त्या दोषांमुळे खोटा ठरत नाही.

तिसरे कारण म्हणजे साऱ्याची पद्धत. मराठी राज्यात ओसाड जमिनीची लावणी-संचणी, म्हणजे ती पुन्हा कसली जाऊन तेथे वस्ती व्हावी यासाठी, ‘इस्तावा’ नावाची एक फार शहाणपणाची पद्धती होती. पडीत जमीन तोडणाऱ्या कुळाला सरकारातून कौल मिळे. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, तिसऱ्या वर्षी त्याहून अधिक. अशा पायऱ्यांनी तो ठरलेल्या मुदतीनंतर पूर्ण दरास पोचे. बियाणे व बैल यांसाठी तगाई मिळे. यात दया किती आणि हिशेब किती हा प्रश्न गौण आहे; जमीन जसजशी सावरते तसतसेच ओझे वाढवावे, आणि ते किती वाढणार हे आरंभीच सांगून ठेवावे, एवढे ज्ञान त्यात होते. अहिल्याबाईंच्या काळातील हलक्या साऱ्याची आठवण माळव्यात ताजी होती. तात्या जोग यांना नवे तत्त्व शोधावयाचे नव्हते. मोडलेले जुने तत्त्व पुन्हा पाळावयाचे होते.

त्याचे फळही लवकर दिसले. माळवा व निमाड येथील होळकरांचा वसूल १८१७ मध्ये सुमारे साडेचार लाख रुपये होता. १८१९-२० मध्ये तो सुमारे सतरा लाखांवर गेला. पण याहूनही बोलका आकडा दुसरा आहे. १८१७ मध्ये वसूल गोळा करण्याचाच खर्च शेकडा जवळजवळ ४० होता, कारण प्रत्येक गावी शिबंदी घेऊन जावे लागे. तीन वर्षांनी तो शेकडा १५ च्या आसपास आला. रयत आणि सरकार यांच्यातील विश्वास मोजण्याचे याहून चांगले माप क्वचितच सापडेल. जेथे सारा मागावयास बंदूक न्यावी लागत नाही, तेथे राज्य पुन्हा उभे राहिले असे समजावे.

या धड्याची उलट बाजू पाहावयाची असेल तर त्याच काळात दख्खनेत, पुणे जिल्ह्यातील इंदापुरात काय झाले ते पाहावे. पेशवाई १८१८ मध्ये संपली. दुसऱ्या बाजीरावांच्या अखेरच्या वर्षांतील मक्त्यांच्या पद्धतीने रयत आधीच पिळून निघालेली होती. शांतता झाली, जमीन लागवडीखाली आली, धान्य वाढले. आणि फौजा मोडल्यामुळे ते विकत घेणारे मोठे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. भाव कोसळले. सारा मात्र रोख रकमेत द्यावयाचा. अशा वेळी प्रिंगल नावाच्या विद्वान अधिकाऱ्याने विलायतेतील अर्थशास्त्राच्या नव्या सिद्धांतावरून, शेतीचा खर्च वजा जाता जे उरेल त्याच्या शेकडा ५५ इतका सारा ठरविला. कागदावर हिशेब निर्दोष होता. प्रत्यक्षात १८३० च्या सुमारास तो लागू होताच कुळे जमिनी सोडून निघून जाऊ लागली. युद्धाने न विझलेली गावे शांततेतील आकारणीने विझू लागली. शेवटी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये दर पुष्कळ खाली आणले आणि ते तीस वर्षे बदलणार नाहीत अशी हमी दिली. तेव्हा माणसे परतली आणि पडीत शेते पुन्हा उठली.

विसाव्या शतकात सबंध युरोपाला हाच धडा दोनदा शिकावा लागला. पहिल्या महायुद्धानंतर पराभूत जर्मनीवर १९२१ साली १३,२०० कोटी सुवर्ण-मार्क इतकी खंडणी आकारण्यात आली. ती वसूल तर झाली नाहीच. परंतु तिच्यातून जो कडवटपणा निपजला त्याचा परिणाम पुढे जगाने भोगला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने मार्शल योजनेखाली पश्चिम युरोपाला चार वर्षांत सुमारे १,३०० कोटी डॉलरांची मदत केली. या मदतीचा गाजावाजा पुष्कळ झाला आणि तो यथार्थच आहे. परंतु १९५३ मध्ये लंडन येथे झालेल्या कराराची आठवण तितकी होत नाही. त्या करारान्वये पश्चिम जर्मनीच्या जुन्या कर्जाचा जवळजवळ अर्धा बोजा उतरविण्यात आला, आणि उरलेल्या फेडीचे हप्ते त्या देशाच्या व्यापाराला झेपतील असे पायरीपायरीने लावण्यात आले. मराठी दप्तरातील माणसाने हा करार वाचला असता तर तो म्हणाला असता, ‘हा तर इस्तावा!’

माळव्याच्या कथेला एक काळी किनारही आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. परत आलेला शेतकरी काय पेरू लागला? गहू, हरभरा, ज्वारी आणि कापूस ही पिके होतीच. पण रोख पैसा देणारे पीक अफूचे होते. माळव्याची काळी माती आणि विहिरीचे पाणी त्या पिकाला मानवे. उज्जैन आणि इंदूर येथील सावकारांची आगाऊ रक्कम त्याच पिकाच्या भरवशावर शेतकऱ्याच्या हाती पडे. बंगालमध्ये अफूचा एकाधिकार सांभाळून असलेल्या कंपनीला माळव्याची अफू डोळ्यांत सलू लागली. १८२० नंतरच्या दशकात तिने संस्थानांशी करार करून हा व्यापार बांधून टाकण्याचा प्रयत्न केला. तेव्हा माल सिंध आणि दमण यांच्या वाटेने समुद्रापर्यंत जाऊ लागला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने हा नाद सोडला आणि मुंबईकडे जाणाऱ्या मालावर पेटीमागे कर घेण्यास सुरुवात केली. पुढील पाऊणशे वर्षे माळव्याचा रोख पैसा चीनमधील माणसाच्या व्यसनावर अवलंबून राहिला. चीनशी १९०७ मध्ये ठराव झाला, १९१३ पर्यंत ती निर्यात थांबली, आणि सारा प्रदेश एका बाजारावर किती टेकला होता हे तेव्हा उघड झाले. नंतर उज्जैन कापडाच्या गिरण्यांचे शहर बनले. शतक संपता संपता त्या गिरण्यांचे भोंगेही थांबले. पुन्हा उभे राहणे ही एक गोष्ट; कशावर उभे राहावयाचे हा विचार दुसरी. १८२० च्या घाईत तो दुसरा विचार कोणी केला नाही, आणि त्याची भरपाई चीनमधील निरपराध कुटुंबांना आणि नंतर माळव्याच्या रयतेला करावी लागली.

तात्या जोग १८२६ मध्ये निवर्तले. त्यांनी ना मोठा विजय मिळविला, ना मुलूख वाढविला. ते एका हरलेल्या राज्याचे दिवाण होते. परक्या सत्तेच्या छायेखाली, मुलाच्या नावाने, कर्जबाजारी दौलत सांभाळीत होते. अशा माणसाच्या कारकिर्दीत गावे भरतात आणि पराक्रमी पुरुषांच्या कारकिर्दीत ती ओस पडतात, हे सत्य इतिहास वाचणाऱ्या मुलांना आपण क्वचितच सांगतो. पाठ्यपुस्तकांत महिदपूरच्या लढाईला तारीख असते. ११२० गावांत परत लागलेल्या दिव्यांना तारीख नसते.

आजच्या जगातही हा विषय शिळा झालेला नाही. युक्रेनमधील युद्धाने झालेल्या नाशाच्या भरपाईस दहा वर्षांत ५२,४०० कोटी डॉलर लागतील, असा अंदाज जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रे, युरोपीय आयोग आणि तेथील सरकार यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत वर्तविला. गाझा पट्टीसाठी त्याच महिन्यात असाच अंदाज ५,३०० कोटी डॉलरांच्या पुढे गेला. एवढ्या नाशापुढे पैशाची गरज नाकारणे म्हणजे क्रूरपणा होईल. पाडलेले रुग्णालय आणि फुटलेली जलवाहिनी कौलनाम्याने दुरुस्त होत नाही. परंतु हे सारे पैसे उद्या जमा झाले तरी तीन साधे प्रश्न शिल्लकच राहतील. ज्यांच्या हाती आज शस्त्र आहे, त्यांच्या उद्याच्या भाकरीची सोय काय? जे घर सोडून गेले, त्यांचे घर त्यांचेच राहील असे कोण सांगणार? आणि जे परत येतील, त्यांच्या शिरावर पहिल्याच वर्षी किती ओझे पडणार? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या प्रमाणात समाधानकारक असतील, त्या प्रमाणात माणसे परततील. उरलेला पैसा रिकाम्या इमारतींत जाईल.

होळकरांच्या कारकुनांनी राज्याची स्थिती मोजताना वाडे मोजले नाहीत, तोफा मोजल्या नाहीत. गावामागून गाव घेऊन त्यांनी एकच नोंद केली: येथे दिवा लागतो, येथे लागत नाही. पुनर्रचनेच्या कोणत्याही योजनेच्या शेवटी हीच दोन कोष्टके असावीत, आणि दर वर्षी दुसऱ्यातील गावे पहिल्यात किती गेली एवढेच जनतेला सांगितले जावे. क्षिप्रेच्या काठी कधीकाळी विझलेल्या आणि मग पुन्हा लागलेल्या त्या दिव्यांनी ठेवलेला हिशेब यापेक्षा अवघड नाही.